एकट्याची चारिका : धर्मानंद कोसंबींची वाट आणि आपली वाट

गेल्या वर्षावासात शिरड शहापूर येथील एका तरुणाने आम्हांस एक प्रश्न विचारला. त्याचे शिक्षण पूर्ण झाले होते, नोकरी लागण्यास अवकाश होता आणि गाठीस थोडे पैसे होते. पाठीवर एक पिशवी टाकून एकट्यानेच नेपाळात जावे, लुंबिनीपासून पुढे लहान लहान गावे आणि डोंगर पायी पाहावे, असे त्याच्या मनात होते. सहलीच्या बसने जाणे त्यास नको होते. त्याने विचारले, "सर, असे एकट्याने हिंडणे धम्मात बसते की ही नुसती हौस?" त्याची आजी शेजारी बसली होती. तिने धम्माचा प्रश्न विचारला नाही. ती म्हणाली, "ते समदं खरं, पण परक्या मुलखात ह्याला पाणी कोण देईल?"

हे दोन्ही प्रश्न वरवर पाहता निरनिराळे आहेत. थोडा विचार केल्यास ते एकाच प्रश्नाची दोन अंगे आहेत असे दिसून येते. प्रस्तुत लेखात या दोहोंचे उत्तर शोधण्याचा आमचा प्रयत्न आहे. त्यासाठी मराठी भाषकांपैकी ज्या एका पुरुषाने बुद्धाच्या शोधार्थ एकट्याने परदेशाची वाट धरली, त्या धर्मानंद कोसंबींच्या प्रवासाचा आधार आम्ही घेणार आहोत.

चारिका म्हणजे काय?

पाली वाङ्मयात भिक्खूच्या पायी फिरण्यास 'चारिका' असा शब्द आहे. यात्रा आणि चारिका यांत भेद आहे. यात्रेकरू एका ठरलेल्या ठिकाणी जातो, तेथील दर्शनाने आपणांस पुण्य लाभेल असे मानतो आणि परततो. चारिकेत ठिकाणाला असे महत्त्व नाही. वाटेत भेटणारी माणसे, त्यांच्याशी होणारा संवाद आणि चालणाऱ्याच्या मनात होणारा पालट यांना महत्त्व आहे. इसिपतनात पहिले साठ शिष्य तयार झाल्यावर भगवंतांनी त्यांस बहुजनांच्या हितासाठी आणि सुखासाठी निघण्यास सांगितले, आणि दोघांनी एकाच वाटेने जाऊ नये असेही बजावले. म्हणजे एकट्याने अनोळखी गावी जाणे ही धम्मप्रसाराची पहिलीच रीत होती. सुत्तनिपातातील खग्गविसाण सुत्तात एकाकी विहाराची प्रशंसा आहे. परंतु समंजस आणि सदाचारी सोबती मिळाल्यास त्याच्यासह जावे, असेही तेच सुत्त सांगते. एकटेपणा हे तेथे व्रत नाही. चुकीच्या सोबतीपेक्षा एकटे बरे, एवढाच त्याचा आशय आहे.

भिक्खुणींसाठी मात्र एकटीने गावास जाऊ नये, एकटीने नदी ओलांडू नये, असे नियम विनयात आढळतात. वाटेत स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांच्या हकिकती या नियमांशी जोडलेल्या आहेत. तेव्हा हा नियम स्त्रीच्या कमी योग्यतेचा पुरावा म्हणून वाचू नये; तो त्या काळच्या रस्त्यांवरचा दोषारोप आहे. आज एखादी भगिनी एकटीने प्रवासास निघू इच्छीत असेल तर तिला अडविण्यापूर्वी रस्ता कोणी असुरक्षित केला हे आधी विचारले पाहिजे.

स्वतः सिद्धार्थ गौतमाचा गृहत्यागही येथे आठवावा. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्र रात्री पळून गेला, ही परंपरागत कथा धर्मानंदांस पटली नव्हती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही ती नाकारली. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाप्रमाणे शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा युद्धापर्यंत गेला. शाक्य संघाच्या बहुमताला सिद्धार्थाने विरोध केला आणि कुटुंबावर संकट येऊ नये म्हणून स्वतः परिव्रज्या पत्करली. अनोमा नदीच्या तीरावरून त्याने छन्नास परत पाठविले आणि तो पायी मगधाच्या राजगृहाकडे निघाला. मगध हे त्या काळी शाक्यांच्या दृष्टीने परराज्यच होते. तेथे पांडव टेकडीच्या पायथ्याशी उतरलेल्या या अनोळखी तरुणास भेटण्यास राजा बिंबिसार आला. पाण्याच्या भांडणातून सुरू झालेला तो प्रवास होता, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

साखवाळ ते काठमांडू

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या खेड्यात झाला. शालेय शिक्षण तुटपुंजे, घरी नारळाच्या बागांची देखभाल, लहान वयात विवाह, असे त्यांचे जीवन होते. 'बालबोध मेवा' या मुलांच्या मासिकात आलेले बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि बुद्धाविषयी सर्व काही जाणून घ्यावे या ओढीने त्यांस पछाडले. १८९९ च्या अखेरीस, वयाच्या तेविसाव्या वर्षी, पत्नी आणि तान्ही मुलगी घरी ठेवून ते बाहेर पडले. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना ते भेटले. संस्कृत शिकल्यावाचून पुढे जाता येणार नाही असे ठरवून ग्वाल्हेरमार्गे ते काशीस पोहोचले. तेथे अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. हा सर्व वृत्तान्त त्यांनी पुढे 'निवेदन' या आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे.

काशीत असताना नेपाळात बौद्ध धर्म अद्याप जिवंत आहे असे त्यांच्या कानी आले आणि १९०२ च्या आरंभी त्यांनी नेपाळची वाट धरली. तेव्हाचे नेपाळ म्हणजे राणांच्या अमलाखालील बंदिस्त राज्य होते. बाहेरच्या माणसास तराई ओलांडून खोऱ्यात जाण्यास परवानगी लागे. महाशिवरात्रीस पशुपतिनाथाच्या यात्रेकरूंना तेवढी मोकळीक मिळे. वाटही सोपी नव्हती. काठमांडूस जाणारा मोटररस्ता १९५० नंतरच्या दशकात झाला. त्यापूर्वीची रूढ वाट रक्सौल-वीरगंजाहून तराईचे अरण्य ओलांडून हेटौडा आणि भीमफेदी येथे येई. तेथून चीसापानी गढीची खडी चढण, कुलेखानी, चितलाङ, मग चंद्रागिरीची खिंड आणि उतारावर थानकोट. भीमफेदीच्या पुढे चाक चालत नसे. माल माणसांच्या पाठीवरून जाई, श्रीमंत लोक डोलीतून जात आणि गरीब पायी. समुद्रकाठच्या नारळीच्या बागांत वाढलेल्या माणसास माघ-फाल्गुनातील डोंगरी थंडी कशी झोंबत असेल, याची कल्पना करता येते.

काठमांडूच्या खोऱ्यात बौद्धनाथ आणि स्वयंभू ही चैत्यस्थाने त्यांनी पाहिली. परंतु ज्यासाठी ते आले होते ते त्यांस सापडले नाही. बुद्धाचा उपदेश समजावून सांगणारा विद्वान भेटला नाही, आणि चैत्याच्या परिसरातच अहिंसेचा मागमूस नाही हे पाहून ते निराश झाले. या निराशेचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. खोऱ्यातील नेवार समाजात भिक्खुसंघ शतकांपूर्वीच गृहस्थ झाला होता. विहारांना तेथे 'बहाल' म्हणतात. बहालाचे सभासदत्व शाक्य आणि वज्राचार्य कुळांत जन्माने मिळे. लहानपणी काही दिवस चीवर धारण करून मुलगा ते उतरवी आणि संसारी होई. बुद्धमूर्ती होती, पूजा होती, पोथ्याही होत्या. परंतु दीक्षा जातीत अडकली होती. ज्या धम्माने जन्माची अट मोडली, त्याच्याच विहाराच्या दारात ती अट पुन्हा उभी राहिली होती. आपल्या विहारांनाही यापासून घेण्यासारखा बोध आहे.

समुद्रापलीकडे

नेपाळातून परतल्यावर धर्मानंद बुद्धगयेस गेले. तेथे भेटलेल्या एका भिक्खूने पाली शिकावयाची असेल तर सिंहलद्वीपास जावे असे सुचविले. कलकत्त्याच्या महाबोधी सभेचे साहाय्य घेऊन १९०२ सालीच ते कोलंबोस पोहोचले. विद्योदय परिवेण ही १८७३ साली स्थापन झालेली विद्यापीठासारखी संस्था होती आणि हिक्कडुवे श्री सुमंगल महाथेर तिचे प्रमुख होते. त्यांच्या हस्ते धर्मानंदांनी श्रामणेर दीक्षा घेतली. तेथे त्यांच्या मातृभाषेचा एकही शब्द कोणास कळत नव्हता. त्रिपिटक नागरी लिपीत उपलब्ध नव्हते. म्हणून ग्रंथ वाचण्यासाठी त्यांस आधी सिंहली लिपी आणि पुढे ब्रह्मी लोकांची लिपी शिकावी लागली.

आहार आणि हवापाणी न मानवल्यामुळे ते १९०३ साली मद्रासेस आले. तेथे प्रा. पी. लक्ष्मी नरसू यांच्या बौद्ध मंडळाशी त्यांचा संबंध आला. याच नरसूंच्या बौद्ध धम्मावरील इंग्रजी ग्रंथाची आवृत्ती पुढे १९४८ साली बाबासाहेबांनी स्वतःची प्रस्तावना जोडून काढली, हे येथे नमूद करावेसे वाटते. मद्रासेहून धर्मानंद समुद्रमार्गे ब्रह्मदेशी गेले. उत्तर ब्रह्मदेशात इरावती नदीच्या काठी सगाईंगच्या टेकड्या आहेत आणि त्यांवर शेकडो कुट्या आणि चैत्य आहेत. १९०४ मध्ये धर्मानंद आणि ज्ञानतिलोक नावाचे एक तरुण जर्मन भिक्खू या टेकड्यांत राहून ध्यानाचा अभ्यास करीत होते. एक गोव्याचा आणि दुसरा जर्मनीचा, असे दोन परके तिसऱ्याच देशाच्या डोंगरात एकत्र राहिले आणि तेथील उपासकांनी दोघांच्याही पात्रात भिक्षा घातली. नाव, गाव, कूळ विचारून कोणी भिक्षा आखडती घेतली नाही.

१९०६ साली ते परतले, सात वर्षांनंतर आपल्या कुटुंबास भेटले आणि अध्यापनास लागले. कलकत्ता विश्वविद्यालयात, नंतर १९१२ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनासाठी ते वारंवार गेले आणि १९४० साली त्या ग्रंथाची नागरी आवृत्ती भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केली. 'बुद्ध, धर्म आणि संघ', 'बुद्धलीलासारसंग्रह', 'भगवान बुद्ध' हे त्यांचे ग्रंथ मराठीत आले. मुंबईच्या गिरणगावात कामगार आणि अस्पृश्य वस्तीसाठी त्यांनी बहुजन विहार उभा केला. पुढे गांधीजींच्या विचारांचा त्यांच्यावर पडलेला प्रभाव आणि जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे अन्नत्यागाने झालेला त्यांचा अंत यांविषयी आपल्या वाचकांत मतभेद असू शकतील. तसेच तरुण पत्नीवर पडलेल्या ओझ्याचा विचार केल्यावाचून त्यांच्या गृहत्यागाचे कौतुक करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. परंतु एकट्याने केलेल्या त्या चारिकेचे फळ त्यांनी स्वतःपाशी ठेवले नाही, सोप्या मराठीत सर्वांच्या हाती दिले, एवढे निःसंशय खरे आहे.

ही वाट कोणास मोकळी होती?

आता आजीच्या प्रश्नाकडे वळू. धर्मानंदांच्या धैर्याविषयी आदर ठेवूनही एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. काशीच्या अन्नछत्रात त्यांस पंगत मिळाली, कारण ती अन्नछत्रे ब्राह्मणांसाठी होती आणि ते सारस्वत ब्राह्मण कुळातील होते. वाटेतील धर्मशाळा, विहिरी, पाठशाळा त्यांस मोकळ्या होत्या. त्यांच्याइतकाच जिज्ञासू एखादा महार तरुण त्याच वर्षी आमच्या मराठवाड्यातून निघाला असता, तर काशी राहू द्या, पहिल्या मुक्कामाच्या विहिरीवरच त्याचा प्रवास अडला असता.

हा तर्क नव्हे. धर्मानंद काशीत होते त्याच सुमारास, १९०१ साली, साताऱ्याहून काही मुले वडिलांना भेटण्यास गोरेगावी निघाली. मसूर स्थानकावर उतरल्यावर ती महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांस गाडीत घेईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन आणि मुलांनीच गाडी हाकावी या अटीवर एक गाडीवान तयार झाला. बरोबर शिदोरी होती. पण पाणी कोणी देईना, म्हणून ती मुले उपाशी झोपली. त्या मुलांत भीमराव होते. १९१७ साली अमेरिका आणि इंग्लंड येथील शिक्षणानंतर ते बडोद्यास आले, तेव्हा राहण्यास जागा मिळाली नाही. नाव लपवून एका पारशी विश्रामगृहात घेतलेली खोली लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने सोडावयास लावली. न्यूयॉर्कसारख्या परदेशी शहरात ज्यास माणूस म्हणून सहज राहता आले, त्यास स्वदेशात रात्र काढण्यास छप्पर नव्हते.

तिसरा प्रसंग आपल्या मराठवाड्यातीलच आहे. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले असता वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. प्रवासाच्या धुळीने अंग माखले होते, म्हणून काहींनी दाराजवळच्या हौदावर हातपाय धुतले. अस्पृश्यांनी हौद बाटविला म्हणून तेथील मुसलमानांचा जमाव धावून आला. शेवटी, आत पाण्यास कोणी शिवणार नाही यावर नजर ठेवण्यासाठी एक हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन त्यांस किल्ला पाहू देण्यात आला. हे तिन्ही प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आणि त्या लेखनास 'व्हिसाच्या प्रतीक्षेत' अशा अर्थाचे इंग्रजी नाव आहे. १९९० साली ते पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. व्हिसा परदेशात जाण्यासाठी लागतो. येथे तो मसूरहून गोरेगावास जाण्यासाठी हवा होता! आजीला पाण्याची आठवण का झाली, हे यावरून कळावे. तिने लहानपणी ओंजळीत वरून ओतलेले पाणी पिलेले आहे.

पाण्याची जुनी रीत

ज्या वेरूळकडे बाबासाहेब निघाले होते, त्या डोंगरांचा इतिहास मात्र निराळे सांगतो. सम्राट अशोकाने रस्त्यांच्या कडेस विहिरी खोदविल्या, सावलीची झाडे लावली आणि ही सोय मनुष्य व पशू या दोघांसाठी असल्याचे शिलेवर कोरून ठेवले. त्यानंतरच्या शतकांत सह्याद्रीच्या घाटवाटांवर लेणी कोरली गेली. कान्हेरी, जुन्नर, नाशिक, कुडे येथील प्राकृत लेखांत 'पोढी' हा शब्द वारंवार येतो. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. व्यापारी, कारागीर आणि गृहिणी यांनी लेण्यांबरोबर पोढ्यांचे दान केले. लेणे हे ध्यानाचे स्थान होते, तसेच घाट चढून आलेल्यास पाणी आणि आसरा देणारे ठिकाणही होते.

अशाच आसऱ्यांवर विसंबून परदेशी भिक्खू भारतात येत. चिनी भिक्खू युआन श्वांग ६२९ च्या सुमारास राजाची बंदी मोडून एकट्याने निघाला. गोबीच्या वाळवंटात त्याच्या हातून पाण्याची पखाल निसटून सर्व पाणी सांडले आणि चार रात्री व पाच दिवस तो तहानेने व्याकूळ होऊन चालत राहिला, असे त्याच्या चरित्रात सांगितले आहे. पुढे हिमाच्छादित पर्वत ओलांडून, वाटेतील विहारांत मुक्काम करीत, अध्ययन करीत तो भारतभर हिंडला आणि सुमारे ६४१ मध्ये पुलकेशीच्या महाराष्ट्रातही येऊन गेला. त्याच्या दृष्टीने आपला महाराष्ट्र हाच परदेश होता. विहारांची ही साखळी तुटल्यानंतर दौलताबादच्या हौदावर पहारा बसला. एकट्याची चारिका त्याच्या एकट्याच्या बळावर होत नसते. वाटेवर कोणी तरी पोढी खोदून ठेवलेली असावी लागते.

बाबासाहेबांचे तीन देश

धर्मानंदांनी ज्या तीन देशांत धम्म शोधला, त्याच तीन देशांना पुढे बाबासाहेबांनीही भेट दिली. १९५० साली श्रीलंकेतील कँडी येथे जागतिक बौद्ध परिषदेस ते उपस्थित राहिले. डिसेंबर १९५४ मध्ये प्रकृती ठीक नसतानाही ते रंगूनच्या परिषदेस गेले. धम्मदीक्षेनंतर अवघ्या महिन्याभराने, नोव्हेंबर १९५६ मध्ये, काठमांडूच्या चौथ्या परिषदेत बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर त्यांचे भाषण झाले.

धर्मानंदांच्या वेळचे नेपाळ तोवर पालटले होते. नेपाळी भिक्खूंनी थेरवाद परंपरा पुन्हा रुजविली होती. १९४४ साली राणा सरकारने भिक्खूंना हद्दपार केले, तेव्हा त्यांनी सारनाथास आश्रय घेतला आणि धर्मोदय सभा स्थापन केली. १९५१ साली राणाशाही संपली आणि पाच वर्षांत त्याच देशात जगातील बौद्ध एकत्र जमले. १९०२ साली एकट्या प्रवाशास जो भिक्खू सापडला नव्हता, तो आता संघरूपाने उभा होता.

आज निघणाऱ्यास चार गोष्टी

आमच्या तरुण मित्रास आम्ही 'जा' असेच सांगितले, आणि काही गोष्टी समजावून दिल्या. त्या इतरांच्याही उपयोगी पडाव्यात.

भारतीय नागरिकास नेपाळात जाण्यास व्हिसा लागत नाही. पारपत्र किंवा निवडणूक ओळखपत्र जवळ असावे. गोरखपूरहून सोनौलीची हद्द ओलांडली की भैरहवा, आणि तेथून पश्चिमेस सुमारे २२ किलोमीटरवर लुंबिनी. अशोकाचा स्तंभलेख तेथे १८९६ साली उजेडात आला, आणि १९९७ पासून हे स्थान जागतिक वारशाच्या यादीत आहे. दर्शन घेऊन लगेच परतू नये. पश्चिमेस तिलौराकोट आहे, तेथील तटबंदी आणि दरवाजांचे अवशेष पाहावेत. पूर्वेस देवदहाच्या वाटेवर रोहिणी नदी लागते. तिच्या काठी घटकाभर बसून सिद्धार्थाने कोणत्या तंट्यात कोणती बाजू घेतली, याचे मनन करावे. आमच्या मते ते दर्शनाहून मोठे आहे.

पुढे बुटवलहून डोंगर चढू लागतात. तानसेन हे टेकडीच्या उतारावर वसलेले जुने नेवारी गाव वाटेत लागते आणि मग पोखरा. नेपाळी रुपयाचा दर १९९३ पासून शंभर भारतीय रुपयांस १६० असा स्थिर आहे. आपल्याकडील शंभरापर्यंतच्या नोटा हद्दीजवळ सहज घेतल्या जातात. पुढे जाताना नेपाळी चलन जवळ ठेवावे. उंच पर्वतात जावयाचे असल्यास चढण सावकाश करावी. मुक्तिनाथाची उंची ३,७०० मीटरहून अधिक आहे. डोके दुखू लागले, ओकारी आली, तोल जाऊ लागला, तर पुढे न जाता खाली उतरावे; त्यात कमीपणा नाही. एकट्याने निघालेले अनेक परदेशी पर्वतात बेपत्ता झाल्यामुळे १ एप्रिल २०२३ पासून परदेशी पदयात्रींनी वाटाड्या घ्यावा असा नियम नेपाळने जाहीर केला आहे. आपण जाणार त्या प्रदेशास कोणता नियम लागू आहे, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. वाटाड्या घेतल्याने चारिकेस बाध येत नाही. रोज सायंकाळी आपण कोठे आहोत हे घरी कळवावे.

एक गोष्ट अधिक नाजूक आहे. नेपाळात १९६३ च्या कायद्याने जातिभेदाची कायदेशीर मान्यता संपली. परंतु कायदा आणि चूल यांत अंतर असते, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. डोंगरातील एखाद्या घरी मुक्कामास गेल्यावर 'थर' विचारला जाईल. थर म्हणजे आडनाव. त्यावरून जात ओळखतात. आपल्या तरुणाने नाव लपवू नये. बडोद्यात बाबासाहेबांना ते लपवावे लागले, ती त्या काळाची नामुष्की होती. 'मी बौद्ध आहे, बाबासाहेबांच्या देशातून आलो आहे', असे त्याने सांगावे. त्याच गावात दमाई, कामी, सार्की या जातींची वस्ती असेल, ती बहुधा कडेला असेल. तेथेही जावे, त्यांचे पाणी मागून प्यावे आणि त्यांच्याशी बोलावे. सहलीच्या बसमधून ही वस्ती दिसत नाही. एकट्याने पायी जाण्याचा खरा लाभ आम्हांस यात वाटतो.

परत येऊन काय करावे? धर्मानंदांनी जे केले तेच, आपापल्या कुवतीप्रमाणे. जे पाहिले ते लिहून काढावे, विहारात सांगावे, एखादी लिपी अथवा भाषा शिकता आली तर ती दुसऱ्यास शिकवावी. ज्या हिंडण्यातून बहुजनांच्या पदरी काहीच पडत नाही, ती हौस. ज्यातून पडते, ती चारिका. तरुणाच्या प्रश्नास आमचे हेच उत्तर आहे.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र नेपाळने द्यावयाचे नाही, ते आपण द्यावयाचे आहे. शिरड शहापूर हे जैन मंदिरामुळे बाहेरच्या यात्रेकरूंना परिचित असे गाव आहे. परका माणूस तेथे नवा नाही. उद्या कोणी ब्रह्मदेशी भिक्खू, नेपाळचा एखादा दमाई तरुण किंवा आपल्याच देशातील कोणी अनोळखी वाटसरू सायंकाळी आमच्या औंढा, वसमत, हिंगोलीकडील विहाराच्या दाराशी उभा राहिला, तर त्यास अंग टेकण्यास एक खोली, वाचण्यास चार ग्रंथ आणि न विचारता मिळणारे पाणी आपण देऊ शकतो काय? आपल्या अनेक विहारांना केवळ पौर्णिमेस उघडणारे एक कुलूप असते. विहार या शब्दाचा अर्थच राहण्याची जागा असा आहे.

तो तरुण निघण्यापूर्वी आम्ही त्यास एवढेच विचारले की, परतल्यावर विहाराच्या ओसरीवरील रांजण रोज भरण्याचे काम तू घेशील काय? त्याने होकार दिला. आजी म्हणाली, "तवर मी भरते."